जहाजाचा दोर आणि वऱ्हाडची अंबाडी

जहाज धक्क्याला बांधायला, नांगर टाकायला किंवा एका जहाजामागे दुसरे ओढून न्यायला जो दोर लागतो, तो नुसता जाड असून भागत नाही. त्याला सततचा ताण सोसावा लागतो आणि लाटेसरशी बसणारे हिसकेही. खारे पाणी, ऊन, दगडी धक्क्याची घासण हे सगळे रोजचेच. साखळी, तार आणि नायलॉन येण्याआधी असा दोर वनस्पतीच्या तंतूंपासूनच होई, आणि तो वळण्याची रीत पोर्ट्समथपासून मुंबईपर्यंत साधारण एकच होती. तंतू एका दिशेने पिळून सूत काढायचे. बरीच सुते उलट दिशेने पिळून पेड करायचा. तीन पेड पुन्हा पहिल्या दिशेने वळून दोर करायचा. दर पायरीला पीळ उलटतो, त्यामुळे एक पीळ सुटू लागला की दुसरा आवळतो. नांगराच्या दोराला आणखी एक पायरी असे: तयार झालेले तीन दोर एकत्र वळून नऊ पेडांचा एकच दोरखंड करत. त्यात पाणी कमी मुरे आणि ताण आला की तो किंचित लांबून हिसका गिळून टाकी.

दोराचे माप जाडीने नव्हे, घेराने घेत. ट्रफलगारच्या लढाईत नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’वर होता, तिच्या मोठ्या नांगराच्या दोराचा घेर 24 इंच होता, म्हणजे जाडी साडेसात इंचांहून थोडी अधिक. असा दोर नांगर उचलण्याच्या उभ्या रहाटाभोवती गुंडाळता येत नाही, कारण तो तेवढा वाकतच नाही. म्हणून रहाटाभोवती एक बारीक अखंड दोर फिरवत ठेवायचा, नांगराचा दोर त्याला जागोजाग आखूड दोऱ्यांनी बांधायचा आणि दोर आत आला की त्या गाठी सोडत जायचे. गाठी बांधायचे-सोडायचे काम जहाजावरची पोरे करत. एकट्या ‘व्हिक्टरी’वर लहानमोठा मिळून सुमारे 26 मैल दोर होता.

दोर जेवढा लांब हवा, त्याहून लांब जागा तो वळायला लागते, कारण पीळ भरताना सूत आखडत जाते. नांगराचा पुरा दोर साधारण 120 वाव, म्हणजे 720 फूट. तो अखंड वळायचा तर सुते हजारेक फूट ताणावी लागत. इंग्लंडमध्ये चॅटमच्या सरकारी गोदीतली दोर वळण्याची इमारत 1,135 फूट लांब आहे, ती याच हिशेबाने. जहाज बांधायला सागवान लागते आणि सुतार लागतात, हे कुणालाही सुचते. त्याच गोदीला गावातल्या एखाद्या गल्लीएवढी लांब, छत असलेली जागाही लागते, याचा विचार सहसा होत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर या सगळ्याच्या आधीपासून काथ्या होता. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन् महिने कुजवायची, मग कुटून काथ्या मोकळा करायचा आणि त्याचे सुंभ वळायचे, हा मलबारपासून कोकणापर्यंतचा धंदा. काथ्याचा दोर ताकदीला बेताचा, पण त्याच्या अंगी दोन गुण असे की समुद्रावर त्याला तोड नव्हती. तो तरंगतो आणि ताणला की लांबतो. ओढून नेण्याच्या कामी हेच हवे असते, कारण पाण्यावर पडलेला दोर पुढच्या होडीला सहज उचलता येतो आणि लाटेचा हिसका दोर स्वतःच सोसतो. खाऱ्या पाण्यात तो टिकतो, गोड्या पाण्यात मात्र लवकर कुजतो.

आंग्र्यांच्या आरमाराची लढण्याची पद्धत या दोरांवर उभी होती. गुराबा मोठ्या, दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, तोफा वाहणाऱ्या. गलबते लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. शत्रूचे जहाज दिसले की नांगर वर घेण्यात वेळ न दवडता दोर सोडून द्यायचे आणि निघायचे. वारा असला तर शिडे होतीच. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभ्या करत. वारा नसताना इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी अडकून पडे आणि आंग्र्यांची गुराब हलत राही. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने हे सविस्तर लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना त्याला आंग्र्यांचे कौतुक फारसे लपवता आलेले नाही.

दोराचा घातही याच आरमाराने पाहिला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांशी बांधून उभी होती. ‘रिस्टोरेशन’ हे पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले जहाज तोफेच्या गोळ्याने पेटले आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात काही तासांत सारे आरमार जळाले. सुटी असती तर निदान काही वाचली असती.

तोवर मुंबईत वेगळी व्यवस्था उभी राहत होती. 1736 मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईस आणले. 1750 मध्ये पहिली कोरडी गोदी बांधली गेली, पुढच्या पंधरा वर्षांत तिच्याजवळ आणखी दोन झाल्या. गोदीशेजारी दोर वळण्याची जागा होती. अब्राहम पार्सन्स हा इंग्रज प्रवासी 1775 मध्ये मुंबईत होता. त्याच्या मते लांबीत, जागेच्या निवडीत आणि सोयींत ती इंग्लंडमधल्या कुठल्याही दोरखान्याच्या बरोबरीची होती. अपवाद फक्त पोर्ट्समथच्या राजाच्या गोदीचा. वर छप्पर होते, त्यामुळे पावसाळ्यातही काम थांबत नसे. राजाच्या आरमाराला, कंपनीच्या जहाजांना आणि व्यापाऱ्यांना लागणारे सगळे दोर तिथे होत. दोन मालांचे दोर त्याने नोंदवले आहेत: हेंप आणि काथ्या. काथ्याच्या सुताने भरलेली होडकी कन्याकुमारीपासूनच्या किनाऱ्यावरून मुंबई-सुरतेला येत आणि कितीही माल आला तरी हातोहात खपे. त्या दोरखान्याची आठवण फोर्टातल्या काळा घोडा भागात रस्त्याच्या नावात राहिली. रोप वॉक लेन हे ते नाव. त्याच रस्त्याला साईबाबा मार्ग असेही म्हणतात.

काथ्या घरचा होता. खरी अडचण हेंपची होती. भांगेच्या जातीच्या या झाडाचा लांब, चिवट तंतू युरोपात सर्वांत जास्त रशियात होई आणि रिगा, सेंट पीटर्सबर्ग या बंदरांतून निघे. ब्रिटिश आरमाराची सारी दोरी या एका पुरवठ्यावर अवलंबून होती. नेपोलियनने 1806 मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी जाहीर केली आणि 1807 मध्ये टिल्सिटच्या तहाने रशियाचा झार त्याच्या बाजूला गेला, तेव्हा लंडनला धडकी भरली ती या दोरांपायी. हिंदुस्थानात पर्यायी तंतू शोधण्याचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते. रॉबर्ट विसेट याने 1804 मध्ये कंपनीसाठी हेंपवर पुस्तक तयार केले होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे निरनिराळ्या झाडांच्या दोऱ्या वळून, त्यांना वजन टांगून त्या कधी तुटतात ते पाहत होते. त्यांनी काही दोऱ्या कोऱ्या ठेवल्या, काहींना डांबर लावले, काही सालीच्या काढ्यात भिजवल्या आणि मग शंभरावर दिवस साचलेल्या पाण्यात ठेवून पुन्हा ताणून पाहिल्या.

या परीक्षेत पश्चिम हिंदुस्थानातून दोन पिके पुढे होती. एक ताग, ज्याला बोरू किंवा सन म्हणतात. दुसरी अंबाडी, जिला इंग्रज व्यापारी ‘डेक्कन हेंप’ म्हणू लागले. ही दोन्ही हेंपच्या कुळातली नव्हेत; ताग शेंगांच्या झाडांपैकी, अंबाडी जास्वंदीच्या जातीची. तंतू मात्र तिघांचाही सालीत असतो आणि काढण्याची रीतही सारखीच. कापूस या शर्यतीत नव्हताच. वऱ्हाडी कापसाचा तंतू इंचभरही भरत नाही, त्यामुळे त्याची शिडे होतात, नांगराचा दोर होत नाही. अंबाडीच्या ताटाची उंची दीड-दोन पुरुष असते आणि साल तेवढीच लांब निघते.

वऱ्हाडात, त्यातही आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत, अंबाडीला कधी स्वतःचे वावर मिळाले नाही. कपाशी-ज्वारीच्या काही तासांनंतर एखादे तास अंबाडीचे, नाहीतर धुऱ्याच्या कडेने. कोवळी पाने भाजीला, बोंडांची आंबट चटणी, बी तेलाला आणि शेवटी ताट दोराला. मात्र तंतू चांगला हवा तर पीक फुलावर असतानाच कापावे लागते. बी धरेपर्यंत थांबले की साल राठ होते. शेतकऱ्याला बी हवे असे, गोदीला मऊ तंतू. पहिली फारकत शेतातच होती.

कापलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून पाने गळेपर्यंत ठेवायच्या, मग नाल्याच्या डोहात दगडांखाली दाबून भिजत घालायच्या. पाणी ऊबदार असेल तर आठ-दहा दिवस, गार असेल तर जास्त. दिवस मोजून हे जमत नाही. रोज एखादे ताट उपसून बुडख्याशी मोडायचे. साल आतल्या काडीवरून सहज सरकली की झाले. एक-दोन दिवस कमी पडले तर सालीचा चीक आणि करपे तंतूला चिकटून राहतात. एक-दोन दिवस जास्त झाले तर तंतूच सडू लागतो, आणि अशा तंतूचा दोर दिसायला चांगला पण ओढला की तुटणारा. पुढे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून साल सोलायची, पाण्यावर आपटून धुवायची, दोरीवर वाळवायची. वाळला की तो वाख. गाळाच्या पाण्यातला वाख काळपट निघतो. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा या नद्यांना आणि त्यांच्या नाल्यांना पावसाळा सरता सरता जे पाणी असते ते गढूळच, आणि दिवाळीनंतर पुष्कळ ठिकाणी तेही आटते.

वाखाचे दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग कारागिरांकडे होते. वाख शेतकऱ्याने द्यायचा, दोर कारागिराने करून द्यायचे, मोबदला सुगीच्या धान्यात. पोळ्याला बैलांची नवी वेसण, मोरकी, कासरा लागे, म्हणून श्रावणात या कामाला जोर येई. दोर वळायला गावातला सरळ रस्ता किंवा झाडांची रांग पुरे. एका टोकाला खुंट, दुसऱ्या टोकाला लाकडी फिरकी, मध्ये पेड वेगवेगळे राहावेत म्हणून खाचा पाडलेले लाकूड. मुंबईच्या दोरखान्यात हीच साधने होती, फक्त मोठी आणि चाकांवर बसवलेली.

गावात जहाजाच्या दोराच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे मोटेचा नाडा. भरलेल्या चामडी मोटेचे वजन, बैलांचा हिसका, चाकावरची घासण, दिवसभर भिजणे आणि रात्री वाळणे. नांगराच्या दोराचे जवळजवळ सगळे हाल नाड्याच्या वाट्याला येत. अंबाडीच्या तंतूत हे सोसण्याची ताकद होती. तो गोदीपर्यंत गेला नाही, त्याची कारणे ताकदीबाहेरची होती.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात रशियाविरुद्ध उतरला आणि हेंपचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कानपुरात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांचे हिंदुस्थानातल्या तंतूंवरचे पुस्तक 1855 मध्ये लंडनला निघाले, त्याची निकड इथून आली. त्यांनी दिलेल्या चाचण्यांत जबलपूरच्या तागाने पीटर्सबर्गच्या हेंपपेक्षा जास्त वजन पेलले होते. म्हणजे माल हलका होता, हे खरे नव्हे. व्यापाऱ्यांची तक्रार दुसरीच होती. एका गाठीत चांगला आणि सडका तंतू एकत्र येतो, माती आणि करपे असतात, ओल असते, आणि यंदा मिळालेला माल पुढच्या वर्षी तसाच मिळेल याचा भरवसा नाही. आरमाराला नमुन्याच्या एका जुडीतली ताकद नको होती. हजारो टन एकसारखा माल हवा होता. हजार घरांच्या धुऱ्यावरचे तास आणि हजार डोह यांतून तो येणार नव्हता.

त्यात वाहतूक. वऱ्हाडातून कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांवर, बैलांच्या पाठीवरून जाई; एक वाट गंगेकाठी मिर्झापूरला, दुसरी घाट उतरून मुंबईला. कापसाला भाव होता म्हणून तो एवढे भाडे सोसू शके. वाखासारखा फुगीर आणि स्वस्त माल बैलावर लादून मुंबईला नेणे कुठल्याही हिशेबात बसत नव्हते. रशियन हेंप नदीने बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने येई. अंबाडीला बंदर शेकडो मैल दूर. युद्ध संपले की रशियन माल पूर्ववत येऊ लागे आणि हिंदी तंतूंची फाईल पुन्हा कपाटात जाई. नेपोलियननंतर हेच झाले आणि 1856 नंतरही.

एकदा मात्र समुद्रच यवतमाळच्या वेशीपर्यंत आणण्याचा बेत झाला. जिल्ह्याच्या पूर्व अंगाने वर्धा नदी वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा येऊन वणीच्या सीमेवर तिला मिळते. पुढे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांचे म्हणणे असे की ही सारी साखळी नौकांसाठी मोकळी करावी आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस पाण्यावरूनच काकीनाड्याला उतरवावा. कॅप्टन हेग यांनी नदीची पाहणी केली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि बेताला पैसा मिळाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1863 मध्ये या जलमार्गावर मोठा अहवाल लिहिला. पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये, आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला. त्याचे नाव वणी, कचेरी यवतमाळला. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव 1905 मधले.

बेताची गाठ अडली तीन ठिकाणी. दुम्मागुडम, त्याच्या वर इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी इथे नदी खडकांच्या लांबच लांब पट्ट्यांवरून उतरते. उन्हाळ्यात तिथे पाणी खडकांच्या फटींतून वाहते, पावसाळ्यात लोंढा असा की नौका वर चढत नाही. उतरताना प्रवाह नौकेला नेतो. चढताना काठावरून दोराने ओढावे लागते, आणि काठच धड नसेल तर ओढणाऱ्यांना उभे राहायलाही जागा नाही. म्हणून बंधारे, बाजूचे कालवे आणि नौका पायरीपायरीने वर घेणारी दारे बांधायला काढली. दुम्मागुडमचा बंधारा आणि कालवा झाला. वरच्या दोन ठिकाणी काम खर्च खात रेंगाळले. जंगलातला हिवताप मजुरांना टिकू देईना.

तिकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1865 मध्ये थळघाट चढली आणि 1867 मध्ये नागपूरला पोचली. धामणगाव स्टेशन यवतमाळहून बैलगाडीच्या टप्प्यात आले. जो कापूस नदीने पूर्वेकडे जायचा होता तो रूळांवरून पश्चिमेकडे, मुंबईला गेला. अमेरिकेतले युद्ध 1865 मध्येच संपले होते. 1871 मध्ये गोदावरीच्या वरच्या भागातले काम सरकारने थांबवले. दर वर्षी काही महिनेच चालणारा जलमार्ग बारमाही आगगाडीपुढे टिकला असता असे मानणे कठीण आहे. कॉटन मात्र शेवटपर्यंत पाण्याचीच बाजू मांडत राहिले.

जहाजाचा दोरही तोवर बदलला होता. ब्रिटिश नौदलातले सॅम्युअल ब्राउन यांनी 1808 मध्ये लोखंडी साखळीचे पेटंट घेतले आणि काही दशकांत नांगर साखळीवर गेले. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली 1817 मध्ये बांधलेली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेली ‘ट्रिंकोमाली’ या स्थित्यंतराच्या काळातलीच. धक्क्याला बांधायच्या आणि ओढायच्या दोरांत हेंपची जागा फिलिपिन्सच्या मनिला तंतूने घेतली, कारण त्याला डांबर लागत नसे आणि तो खाऱ्या पाण्यात चांगला टिके. लोखंडी तारेचा दोर 1834 मध्ये जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या खाणींत व्हिल्हेल्म आल्बर्ट यांनी केला होता. पुढे तारेचा दोर जहाजांवरही आला.

अंबाडीलाही बंदर मिळाले, पण वऱ्हाडच्या अंबाडीला नव्हे. विशाखापट्टणमजवळच्या भीमुनिपट्टणम बंदरातून निघणारा हाच तंतू ‘बिमली ज्यूट’ या नावाने जगाच्या बाजारात गेला, मुख्यतः पोत्यांसाठी. फाळणीत ज्यूटचे बरेचसे क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेल्यावर भारत सरकारने या पिकाला उत्तेजन दिले, त्याचा लाभही आंध्र, बंगाल, ओरिसा यांनाच जास्त झाला. यवतमाळात मुर्तिजापूरची लहान आगगाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली ती कापसासाठी. तिच्या डब्यांतून वाखाच्या गाठी जाण्याचे कारण उरले नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरींवर इंजिने आणि पंप बसले, मोट गेली आणि तिच्याबरोबर नाडा गेला. दावी आणि कासरे नायलॉनचे झाले. बाजारात तयार मिळतात, भिजत घालावे लागत नाहीत आणि पाच-सहा पावसाळे काढतात. न्हावाशेवाच्या बंदरात, जे 1989 मध्ये सुरू झाले, कंटेनरची जहाजे धक्क्याला बांधायला पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉनचे दोर लागतात. त्याहून नवा पॉलिएथिलिनचा एक प्रकार पोलादी तारेच्या ताकदीचा असून वजनाला तिच्या सातव्या हिश्श्याएवढाच भरतो, आणि काथ्यासारखा पाण्यावर तरंगतो. यवतमाळच्या धुऱ्यांवर अंबाडी अजून पेरतात, भाजीसाठी आणि बियांसाठी. ताटे बहुतेक ठिकाणी जळणात जातात.